मासा उताणा करताना

युनफेनच्या स्वयंपाकघरात धुतलेले वाडगे कधी पालथे घालत नाहीत. ते सुलटेच ठेवतात. तळाशी पाणी साचतं आणि ती ते फडक्याने टिपून काढते, एकेक वाडगा करून. मुलगी सुट्टीला आली की हसते.

"आई, चौथ्या मजल्यावर कुठली होडी उलटणार आहे?"

युनफेन फडकं पिळते. उत्तर आतल्या खोलीतून येतं, सासूचं. "उलटायला पाणीच लागतं असं कुणी सांगितलं गं तुला?"

चार वर्षांपूर्वी मोठ्या नदीवरची मासेमारी सरकारने बंद केली. यांगत्सेच्या काठावर होड्या ओळीने लावल्या, क्रेनने उचलल्या आणि फोडल्या. त्या दिवशी सासू-सुना दोघी काठावर उभ्या होत्या. सासूने आपल्या होडीची एक फळी मागून घेतली. ती फळी आता तिच्या पलंगाखाली आहे. होडीवरची बाकी माणसं फ्लॅटमध्ये गेली, कुणी पहारेकरी झाले, कुणी भाजी विकू लागले. युनफेनला नव्या नदी-उद्यानात काम मिळालं.

त्या उद्यानात अख्खी नदी उलगडून मांडलेली आहे. वर डोंगरात बांबू आणि दोन पांडा, मग झऱ्यातली कासवं, डबक्यातले पालीसारखे सॅलमँडर, आणि सगळ्यांत खाली मोठे हौद. लोक पांडा बघायला येतात आणि बाहेर जायची वाट हौदांवरूनच असते म्हणून मासेही बघतात. युनफेन हौदांवर होती. सकाळी कोळंबी आणि मासे कापायचे, काचा पुसायच्या, आणि थोरलीला हाताने भरवायचं.

थोरली म्हणजे कागदोपत्री सात नंबर. जुनी स्टर्जन, नदीवरचे लोक जिला लाझ म्हणतात ती जात. लांबी दोन माणसं आडवी झोपतील एवढी, पाठीवर हाडाच्या ढालींची रांग, आणि तोंड खाली, पोटाच्या बाजूला, जणू कुणी ते लपवून ठेवलंय. एका जहाजाच्या पंख्याने तिला कधीतरी फाडलं होतं. डावा डोळा तेव्हाच गेला. तिला पाण्यात अन्न दिसत नसे, म्हणून युनफेन छातीपर्यंतचा रबरी पोशाख घालून बाजूच्या हौदात उतरायची आणि तिच्या मिश्यांखाली हात धरायची. परक्या हाताला थोरली बिचकायची. युनफेनच्या हाताला बिचकत नसे.

अकरा दिवस तिने काही खाल्लं नव्हतं.

डॉक्टर निंग हा उत्तरेकडचा मुलगा, तिशीचा, थंडीतही अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालणारा. त्याने तिचा एक्स-रे काढला होता. घशात एक लोखंडी कडी होती आणि कडीला काहीतरी लटकत होतं. अकराव्या दिवशी त्याने फोटो काचेवर धरून युनफेनला दाखवला.

"मावशी, हे काढायचं तर तोंडापर्यंत पोचायला हवं. आणि तोंड खाली. तेव्हा तिला उताणी करायची, झोळीत. उताणी झाली की ती आपोआप गप्प पडते, या जातीचं तसंच असतं. भूल दिली तर ती उठणार नाही, एवढी अशक्त आहे. डोकं तुम्ही धरायचं. डोकं वळलं की अंग येतं."

"मी सगळं करीन," युनफेन म्हणाली. "उलटवणार मात्र नाही."

निंग हसला. त्याला वाटलं, ती वजनाचं बोलतेय. "सहाजण असतील मदतीला."

हौदांचा प्रमुख हाओ शेजारीच उभा होता. तो हसला नाही. त्याचा बाप नदीवरचा होता.

दुसऱ्या दिवशी नवव्या महिन्याची नवमी होती, म्हाताऱ्यांचा सण. साठीच्या वरच्यांना उद्यानात फुकट. थोरलीचं काम त्याच्या पुढच्या दिवशी ठरलं होतं, म्हणून युनफेनने रजा घेतली आणि सासूला घेऊन आली. गेल्या चार वर्षांत सासू एकदाही आली नव्हती. शहाऐंशी वर्षांची बाई, पाय गेलेले, जीभ शाबूत. फाटकावर चाकाची खुर्ची मिळाली. मांडीवर गरम चहाचा थर्मास आणि कागदात गुंडाळलेला तांदळाचा केक.

पांडाच्या काचेपुढे म्हातारे-म्हाताऱ्या तिहेरी रांगेत उभे होते. पांडा त्यांच्याकडे पाठ करून बसला होता आणि बांबू सोलत होता.

"हा काय," सासू म्हणाली, "पाठच दाखवतो का?"

"आज फुकट आहे ना, आई."

"म्हणूनच पाठ."

शेजारचा एक म्हातारा खो खो हसला. सासूने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "तोंड न धुतलेलं अस्वल," ती म्हणाली. "चल, मला तुझी लाझ दाखव. सहा महिने तिचंच ऐकतेय. सून माझ्याशी बोलत नाही तेवढी त्या माशाशी बोलते."

"तिला बरं नाहीये, आई. तिकडे आज बंद आहे."

तेवढ्यात फोन वाजला. निंगचा आवाज पळत आल्यासारखा होता.

"मावशी, कुठे आहात? ती एका अंगावर झुकतेय. उद्यापर्यंत नाही थांबता येणार."

सासूचे कान मात्र चांगले होते. "बंद आहे म्हणालीस ना?" ती म्हणाली. "मग उघड."

युनफेन खुर्ची ढकलत उतारावरून निघाली. कासवं मागे पडली, सॅलमँडर मागे पडले. उतारावर खुर्ची स्वतःहून पळू बघत होती आणि ती दोन्ही हातांनी मागे खेचत होती. तिला सासूला कुठेतरी सोडायचं होतं, कुठल्याही बाकावर, कुणाही पोरीपाशी. तिने दोनदा तसं म्हणूनही पाहिलं. दोन्ही वेळा सासू म्हणाली, "मी काय सामान आहे?"

छत्तीस वर्षांपूर्वी युनफेन डोंगरातून होडीवर आली होती. चहाच्या मळ्यांचं गाव, वर्षातून दोनदा मासा. होडीवर आल्यावर पहिल्याच आठवड्यात सासूने नियम सांगितले. वाडगा पालथा घालायचा नाही. जेवायच्या काड्या वाडग्यावर आडव्या ठेवायच्या नाहीत. आणि ताटलीतला मासा उलटवायचा नाही. वरची बाजू संपली की काटा उचलून काढायचा आणि खालचं खायचं. जो मासा उलटवतो तो होडी उलटवतो. युनफेनने दोन वर्षं पाळलं. मग ती रात्र आली, मूल रडत होतं, नवऱ्याला, शुइगेनला, ताप येऊन गेला होता, सासू होडीच्या मागच्या टोकाला जाळं धूत होती. तिला त्याला खालचा मऊ भाग द्यायचा होता. हात गेला. माहेरी जातो तसा. काड्या माशाखाली गेल्या आणि मासा उलटला.

शुइगेन तिच्याकडे पाहत राहिला. मग हसला. "आईला सांगू नकोस," म्हणाला, आणि सगळा मासा खाल्ला.

सकाळी तो छोटी होडी घेऊन म्हशीच्या पाठीच्या खडकाकडे गेला. सातव्या महिन्याचं पाणी होतं, गढूळ, वर चढणारं. दुपारी तीन वळणं खाली होडी सापडली, उलटी. तो चौथ्या दिवशी सापडला.

युनफेनने सासूला सांगितलं नाही. तेव्हा नाही, त्याला पुरलं त्या दिवशी नाही, मुलगी शाळेत गेली तेव्हा नाही, होडी फोडली त्या दिवशीही नाही. सासूने तिला कधी घालवलं नाही. दोघींनी एकाच दिव्याखाली तीस वर्षं जाळी विणली. रोज वाडगे धुताना युनफेन ते एक न सांगितलेलं पाण्याबरोबर टिपून काढायची.

हाओ हौदाच्या दाराशी उभा होता. म्हातारीला बघून त्याने दोन्ही हातांनी नमस्कार केला.

"तान आजी, तुम्ही कशाला आलात इथे? ओलं आहे सगळं."

"ओल्यातच वाढलेय मी. तू लांगच्या घरचा ना? लांग हाओ? तुझा बाप वल्हं धरून झोपायचा."

"झोपायचा, आजी." हाओने खुर्ची हौदाच्या कठड्याशी लावली, चाकांना अटक घातली. मग तो युनफेनच्या कानाशी आला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, माझ्या बापाने बघितलं असतं तर माझा हात तोडला असता. पण बाप राहिला नाही आणि नदीत होडीही राहिली नाही."

"तू धर ना मग डोकं."

"माझ्या हाताला येत नाही ती. काल प्रयत्न केला."

युनफेनने रबरी पोशाख चढवला. पाणी थंड होतं. थोरली भिंतीशी होती, डाव्या अंगावर कललेली, आंधळा डोळा खाली. कल्ले उघडत होते, थांबत होते, उघडत होते. थांबण्याचा वेळ उघडण्यापेक्षा जास्त होता. युनफेनने मिश्यांखाली हात धरला. थोरलीने हाताला नाक लावलं, तेवढंच. तोंड उघडलं नाही.

"ही लाझ," वरून सासूचा आवाज आला. मग, "केवढी म्हातारी झालीये."

हाओ धरून सहाजण झोळी घेऊन उतरले. निंग नळी आणि लांब चिमटा घेऊन कठड्यावर गुडघे टेकून बसला. "हळू," तो म्हणाला. "झोळी खालून. हां. मावशी, तुमच्या दोन्ही हातांत डोकं. आता सगळे मिळून, उताणी करायची. तीन म्हणेपर्यंत थांबा."

युनफेनचे हात माशाच्या डोक्याखाली होते. उजवा जबड्याशी, डावा पहिल्या ढालीखाली. तिला सासूकडे पाहायचं नव्हतं. तिने पाण्याकडे पाहिलं आणि पाण्यात सासूच दिसत होती, वाकलेली, थर्मास मांडीवर.

"एक, दोन, तीन."

तिचे हात सुटले. तिने सोडले नाहीत, ते सुटले. अंग झोळीत वळलं, डोकं वळलं नाही. थोरलीने एकदम शेपूट मारलं. झोळीची काठी एकाच्या छातीत बसली, पाणी निंगच्या तोंडावर उडालं, आणि मासा भिंतीवर आपटला. एकदा, मग पुन्हा. पाण्यात रक्ताचा एक पातळ धागा सुटला, नाकाडातून.

"धरा, धरा तिला," निंग म्हणत होता. "मावशी, काय करताय? आणखी दोनदा अशी आपटली तर संपली ती."

"माझ्याच्याने होणार नाही," युनफेन म्हणाली.

"का होणार नाही? काल तर तुम्ही..." त्याला कळत नव्हतं. त्याने हाओकडे पाहिलं. हाओ पाण्याकडे बघत होता. बाकीचे पाचजण कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. त्यांतल्या दोघांचे बाप नदीवरचे होते आणि तेही कुठेच बघत नव्हते.

थोरलीचे कल्ले थांबले. उघडले. पुन्हा थांबले.

"युन," सासू म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता. जाळ्यातली गाठ सोडवताना बोलावं तसा.

"उलटव तिला. एकदा उलटवलायस ना मासा? तुझ्या हाताला ठाऊक आहे."

हौदात फक्त नळीचं पाणी पडत होतं. युनफेनने वर पाहिलं. सासू तिच्याकडे नाही, माशाकडे पाहत होती.

"बघत काय बसलीस? मरेल ती."

युनफेन खांद्यापर्यंत पाण्यात वाकली. हात पुन्हा डोक्याखाली गेले. ती काहीतरी बोलत होती, थोरलीशी बोलते तसं, अर्थ नसलेलं. मग तिने मनगट वळवलं, तेवढंच, ताटलीतल्या माशाखाली काड्या वळवाव्यात तसं, आणि डोकं आलं, डोक्यामागून ढाली आल्या, एकामागून एक, आणि थोरलीचं पांढरं पोट वर आलं. एवढं पांढरं काही तिने त्या हौदात कधी पाहिलं नव्हतं. मासा झोळीत पडून राहिला. शेपूट हललं नाही.

"मेली का?" पाण्यातला एकजण कुजबुजला.

"नाही. गप्प पडलीये. बोलू नका." निंगने नळी तोंडात सारली, पाणी कल्ल्यांतून वाहू लागलं. मग तो चिमटा आत घालून थांबला. एकदा चिमटा रिकामा बाहेर आला. दुसऱ्यांदाही. युनफेनच्या हातांत डोकं जड होत चाललं होतं. उजवा डोळा आता खाली, पाण्यात, आणि आंधळा डोळा तिच्याकडे.

तिसऱ्यांदा कडी आली. कडीला अंगठ्याएवढा रबरी पांडा लटकत होता, उद्यानाच्या दुकानात किल्ल्यांसाठी मिळतो तो. कान झिजलेले, बाकी हसरा.

निंग त्याच्याकडे बघत राहिला. "आता सरळ करा तिला," तो म्हणाला. "हळू. मावशी, तुम्हीच."

सरळ करणं सोपं होतं. डोकं वळलं आणि अंग आपसूक मागे आलं. थोरली तळाशी गेली आणि तिथे पडून राहिली, पण सरळ, कललेली नाही.

"आता?" हाओने विचारलं.

"आता वाट बघायची," निंग म्हणाला. "हलली तर बरं. संध्याकाळपर्यंत हलली नाही तर मग मला माहीत नाही." तो चिमटा पुसत युनफेनजवळ आला. "मावशी, माझ्याकडून काही चुकीचं बोललं गेलं का?"

"नाही, बाळा. तुझं काम झालं."

युनफेन पोशाखातून बाहेर आली आणि कठड्यावर सासूच्या पायांशी बसली. बाकीचे निघून गेले. हाओने जाताना दार लोटून घेतलं. म्हातारीने थर्मासचं झाकण उघडलं, त्यात चहा ओतला आणि सुनेपुढे धरला.

"गळाच्या आकड्याने फाटलेला डोळा होता त्या रात्रीच्या माशाला," सासू म्हणाली. "कार्प होता. फाटलेला डोळा वर येईल असा ठेवला होता मी ताटलीत. चांगली बाजू खाली, सकाळी खायला होईल म्हणून. सकाळी ताटली धुवायला घेतली तर नुसता काटा आणि डोकं. आणि चांगला डोळा वर."

युनफेनने चहा ओठांपासून खाली घेतला.

"तेव्हापासून माहीत आहे तुम्हाला?"

"ताटली धुतली मी. तो तोपर्यंत निघाला होता."

"मग बोलला का नाहीत, आई? चौतीस वर्षं. मला मारायचं होतं, हाकलायचं होतं. मी रोज वाट बघायचे."

सासू पाण्याकडे पाहत होती. तिचा जबडा हलत होता, दात नसलेल्या माणसाचा हलतो तसा.

"जाळं राहिलं होतं म्हशीच्या पाठीपाशी," ती म्हणाली. "तो म्हणाला, पाणी चढलंय, उद्या आणतो. मी म्हटलं, आजच आण, जुनं जाळं आहे, फाटेल. तू लेकराला पाजत होतीस. तुला ऐकू गेलं नसेल."

"नाही गेलं."

"हां." सासूने थर्मास मांडीवर नीट उभा केला. "मग होडी सापडली. आणि मला ताटली आठवली. आणि बरं वाटलं मला, युन. खरं सांगते. म्हटलं, हिने उलटवला मासा. हिनेच. मला कुणी विचारलं असतं तर मी तेच सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही. तुला बोलले असते तर तू विचारलं असतंस, त्याला पाठवलं कुणी. म्हणून नाही बोलले."

युनफेनने चहाचं झाकण खाली ठेवलं. ठेवताना ते तिच्या हातून पालथं पडलं. दोघींनी ते पाहिलं. कुणी सुलटं केलं नाही.

तिला रागावता आलं असतं. राग आत कुठेतरी होताही, जुन्या फळीसारखा, पण तो काढून कुठे ठेवायचा ते तिला सुचत नव्हतं. तिच्या मनात एकच येत होतं: शुइगेन पाठमोरा, होडीत, ताप नुकता उतरलेला, आणि दोन्हीकडून त्याला पाठवणाऱ्या दोन बायका.

"मासा बघ," सासू म्हणाली. "माझ्याकडे काय बघतेस."

त्या बसून राहिल्या. भोंग्यावरून सूचना आली की पांडाघर साडेपाचला बंद होईल, म्हाताऱ्या पाहुण्यांनी आपल्या वस्तू सांभाळाव्यात. सासूने केकचा कागद उघडला, अर्धा तुकडा सुनेला दिला. केक ओलसर झाला होता. युनफेन कल्ले मोजत होती: उघडले, मिटले, उघडले. आता थांबत नव्हते. पण मासा हलत नव्हता.

"लहानपणी," सासू म्हणाली, "माझा बाप म्हणायचा, लाझ पोटावर मरत नाही. पाठीवर मरते. म्हणून नदीत उताणी दिसली तर हात लावायचा नाही."

"आणि आज तुम्ही..."

"बापाने हौद कुठे पाहिला होता."

पाच वाजून गेल्यावर थोरलीने एकदा शेपूट हलवलं, कुणी झोपेत कूस बदलावी तसं. तळाची वाळू थोडी उठली. मग ती वर आली, हळू, आणि भिंतीला लागून एक पूर्ण फेरी मारली. कठड्यापाशी आली तेव्हा चांगला डोळा त्यांच्याकडे होता. नाकाडावरची जखम पांढरी पडली होती. ती थांबली नाही, पुढे गेली.

युनफेनने हात पाण्यात घातला आणि तसाच धरून ठेवला. दुसऱ्या फेरीला मिश्या तिच्या बोटांना लागून गेल्या.

सासूने खाली वाकून झाकण उचललं, थर्मासला लावलं आणि घट्ट फिरवलं.

"चल," ती म्हणाली. "त्या अस्वलाने आता तरी तोंड केलंय का बघू इकडे."

युनफेनने चाकांची अटक काढली. खुर्ची आता चढणीवर ढकलायची होती, आणि सासू वाटली होती त्याहून जड होती.